जुनी होमलाइट चेन सॉ : सुरू होते, दोन मिनिटांत आपोआप रेस होते आणि बंद पडते

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. मी मूळचा चिपळूणचा, गेली अकरा वर्षं मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या पश्चिमेला राहतो. आमच्या मागच्या अंगणात अ‍ॅशची तीन झाडं उभ्या उभ्या वाळली. एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाचा हिरवा चकचकीत भुंगेरा २००२ साली याच भागात पहिल्यांदा सापडला आणि तेव्हापासून अमेरिकेतली अ‍ॅशची कोट्यवधी झाडं गेली. आमचीही गेली. त्यातलं एक मार्चच्या वादळात आडवं झालं.

शेजारचे आजोबा ऐंशीच्या पुढचे आहेत. ते झाड बघायला आले, परत गेले आणि शेडमधून एक लाल यंत्र घेऊन आले. "चालू झाली तर तुझी," म्हणाले. होमलाइट एक्सएल-१२. ५४ सीसीचं इंजिन, मॅग्नेशियमची बॉडी, बार (चेन ज्या लांब पट्टीवरून फिरते ती) आणि चेन सोडून वजन जेमतेम १२ पौंड. हे मॉडेल साठच्या दशकातलं. त्या काळी एका माणसाने एका हातात उचलून झाडापर्यंत नेता येईल अशी सॉ म्हणजे मोठीच गोष्ट होती.

आतापर्यंत केलेलं काम : टाकीतला वाळलेला चिकटा काढला. पेट्रोलची नळी हातात घेताच तुकडे झाली, ती बदलली. फिल्टर नवा. फ्लायव्हील काढून पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारे संपर्क) साफ केले, गॅप ०.०१५ इंच ठेवला. कार्बोरेटर उघडून नवे डायफ्रॅम टाकले. प्लग नवा. पाचव्या ओढीला सुरू झाली! मी आनंदाने ओरडलोच, बायको धावत बाहेर आली.

पण दोन मिनिटं नीट चालते, मग इंजिन गरम झालं की हात न लावता रेस वाढते, वाढतच जाते आणि फट्कन बंद. कार्बोरेटरचे स्क्रू दोन्हीकडे फिरवून बघितले, फरक नाही.

प्रश्न दोन. एक, दोष कुठे शोधू? दुसरा, दुरुस्त झाली तर हिने खरंच लाकूड कापावं, की पुसून कपाटावर ठेवावी?

गवतफूल

फोटो टाका! साठच्या दशकातलं यंत्र पाचव्या ओढीला सुरू झालं हे वाचूनच भारी वाटलं.

पॉइंट_कंडेन्सर

पहिली गोष्ट, ती आता पुन्हा सुरू करू नका. खरंच करू नका.

मी पुण्यात नाना पेठेत ३४ वर्षं टू-स्ट्रोक गाड्यांचं काम केलं. चेतक, लुना, राजदूत, येझदी सगळ्या हाताखालून गेल्या. चेन सॉ कधी उघडली नाही, पण टू-स्ट्रोक सगळीकडे सारखाच. आपोआप रेस वाढणं म्हणजे कुठूनतरी फुकटची हवा आत जातेय. हवा जास्त, पेट्रोल कमी. आणि पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, कारण ऑइल पेट्रोलमधूनच जातं. इंजिन कोरडं पळतं, पिस्टन फुगतो, बोअरला घासतो, जाम. तुम्ही म्हणता "फट्कन बंद", ते जाम होण्याच्या दारात उभं राहून परत आल्यासारखं आहे.

फोर-स्ट्रोकचं क्रँककेस म्हणजे ऑइलचं भांडं. टू-स्ट्रोकचं क्रँककेस म्हणजे पंप. पिस्टन वर गेला की खाली पोकळी होते आणि मिक्श्चर ओढलं जातं, खाली आला की दाबून वर पाठवलं जातं. या पंपाला कुठेही भोक पडलं की सगळा हिशोब चुकतो. क्रँकच्या दोन्ही टोकांना ऑइल सील असतात. साठ वर्षांत रबराचं लाकूड होतं. मला तिथेच संशय आहे.

शेवग्याची_शेंग

काका, आमची चेतक सकाळी आडवी केल्याशिवाय सुरू व्हायची नाही. बाबा रोज अंगणात तिला नमस्कार घालायला लावायचे. चेन सॉला तसं करून चालेल का? :)

पॉइंट_कंडेन्सर

चेतकच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची छोटी वाटी असते, त्यात फ्लोट तरंगतो. गाडी तिरकी केली की फ्लोट जागचा हलतो, निडल उघडते, जास्तीचं पेट्रोल येतं. थंडीत ते जास्तीचं पेट्रोल कामाला यायचं. चोकचंच काम झालं.

चेन सॉ तर आडवी, उभी, उलटी सगळीकडून धरावी लागते. तिथे वाटी चालणारच नाही, म्हणून डायफ्रॅम. याच्या पुढचं ज्यांनी उघडली आहे त्यांनी सांगावं.

रानमेवा

सांगते. मी पोर्टलंड, ओरेगॉन. नऊ वर्षांत सतरा जुन्या सॉ उघडल्या आहेत, त्यातल्या चौदा चालू झाल्या.

काका म्हणतात ते शंभर टक्के बरोबर. सुरुवातीच्या सॉमध्ये वाटीचाच कार्बोरेटर होता. झाड आडवं कापायचं असेल तर इंजिन सरळ ठेवून बार तेवढा फिरवायचा. १९४०-५० च्या दशकांत डायफ्रॅम आला आणि इंजिन कसंही धरता यायला लागलं. ओहायोमधल्या टोलेडोच्या टिलट्सन कंपनीचं यात मोठं नाव आहे. पातळ रबरी पडदा क्रँककेसच्या त्याच दाब-पोकळीवर फडफडतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो. म्हणजे क्रँककेस गळकं असेल तर मिक्श्चरमध्ये हवा शिरतेच, वर पेट्रोलचा पंपही दुबळा होतो. दुहेरी मार.

वाशिष्ठीकाठ, एक साधी खूण. सुरू असताना सॉ डावीकडे, उजवीकडे, नाक खाली अशी फिरवल्यावर आवाज बदलतो का? बदलत असेल तर सीलच. पण आता काकांचं ऐक, सुरू करू नकोस. प्रेशर टेस्ट कर, म्हणजे इंजिनात हवा भरून ती कुठून गळते ते बघ.

वाशिष्ठीकाठ

ताई, हो! क्लचची बाजू खाली केली की रेस वाढायची. मला वाटलं टाकीतलं पेट्रोल इकडे-तिकडे होत असेल.

प्रेशर टेस्टचा पंप महाग दिसतोय. घरी काही जुगाड?

डॉ_कैरी

या विषयातलं मला काही कळत नाही, गेला अर्धा तास नुसती वाचत बसले आहे. पण किती दाब हवा? आमच्याकडचं जुनं बीपीचं यंत्र चालेल? रबरी फुगा, नळी, घड्याळासारखा काटा. ३०० मिमीपर्यंत दाखवतं.

रानमेवा

डॉक्टर, तुम्ही धागा जिंकलात! ५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) म्हणजे साधारण २६० मिमी पारा. तुमच्या काट्यात अगदी बसतंय. मी ७ पर्यंत नेते, पण गळती शोधायला ५ पुरेत.

कृती : कार्बोरेटर काढून तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि वर पत्र्याची पट्टी लावून बोल्ट आवळ. सायलेन्सरच्या जागीही तसंच. एक्सएल-१२ ला रीड व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने सोडणाऱ्या पातळ पट्ट्या) आहेत, म्हणून हवा कार्बोरेटरकडून न देता प्लगच्या भोकातून दे. पिस्टन अगदी खाली असू दे, म्हणजे वरची हवा खाली क्रँककेसमध्ये पोचते. २६० ला काटा थांबला पाहिजे. खाली सरकत असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोध.

आणि हे विसरू नकोस. दाब धरला म्हणजे काम झालं असं नाही. सीलची ओठासारखी कडा आतून दाब आला की क्रँकवर आणखी घट्ट बसते. खरी परीक्षा हवा काढून. त्यासाठी लागणारा, गाडीचे ब्रेक ब्लीड करायचा हवा ओढणारा हातपंप इथली स्पेअर पार्टची दुकानं अनामत ठेवून वापरायला देतात.

हिमकण

दुसऱ्या प्रश्नावर कोणीच बोलत नाहीये, म्हणून मी बोलतो. वापरू नका.

मी स्वीडनमध्ये असतो, योंशॉपिंगजवळ. हुस्कवार्ना गाव शेजारीच. १६८९ साली तिथे बंदुकांचा कारखाना सुरू झाला, पुढे शिलाई मशीन, मोटरसायकल आणि १९५९ पासून चेन सॉ. इथल्या लोकांना या यंत्रावर जीव आहे, आणि म्हणूनच ते फार कडक आहेत. मी रीतसर कोर्स केला, लेखी आणि प्रत्यक्ष अशी परीक्षा दिली, मग हातात सॉ घेतली.

चेन ब्रेक सत्तरच्या दशकात आला. एक्सएल-१२ वर तो नाही. बारच्या नाकाचा वरचा कोपरा कशाला टेकला की सॉ डोळ्याचं पातं लवायच्या आत उलटी उसळते. नवीन सॉमध्ये पुढची पट्टी मनगटाला लागते आणि चेन थांबते. जुन्यात मधे काहीच नाही, तुमचा चेहरा आहे.

सुपारीबाग

हिमकण साहेब, काळजी कळली, पण एवढं कडक मला पटत नाही. मशीन कापायला बनवलंय. ते न कापता ठेवायचं तर दुरुस्त कशाला करायचं?

मी श्रीवर्धनचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या डोक्यावरून गेलं. दुपारी चार तासांत आजोबांनी लावलेली बाग झोपली. नारळ, सुपारी, आंबा, फणस, एकावर एक. घरातून रस्त्यावर जायला वाट नव्हती. वीज कित्येक आठवडे नव्हती. अख्ख्या वाडीत कटर मशीन दोनच. त्यातलं एक माझ्या चुलत्यांचं, जुनं, बॉडीला तार बांधलेलं. त्या मशीनने आम्ही एकवीस दिवस कापलं. पेट्रोल बाटलीने आणायचो, ऑइल मोजायला खोकल्याच्या औषधाचं टोपण. त्या मशीनला मी आजही दसऱ्याला झेंडू वाहतो.

पण एक सांगतो, आणि ते तुमच्याच बाजूचं आहे. ब्रेकपेक्षा मोठी भीती पडलेल्या झाडाची. उभं झाड सरळ असतं, पडलेलं झाड ताणलेलं असतं. आमच्या आंब्याची मांडीएवढी फांदी भिंतीवर टेकून वाकली होती. चुलत भावाने ताणाच्या बाजूने कापायला घेतली. अर्धी कापली आणि ती सुटली. भाऊ दीड माणूस लांब जाऊन पडला, मशीन चिखलात. नशीब, खांद्यावर निभावलं. तेव्हापासून आमचा नियम : आधी झाडाभोवती एक फेरी मारायची, फांदी कुठे दबलीय आणि कुठे ताणलीय ते हाताने दाखवायचं, मगच मशीन सुरू. दबलेल्या बाजूने आधी थोडं, मग ताणाच्या बाजूने हळूहळू.

हिमकण

सुपारीबाग, हे वाचून अंगावर काटा आला. माझ्या कोर्समध्ये ताणलेल्या लाकडावर अख्खा एक दिवस होता, तुम्ही एकवीस दिवसांत तेच शिकलात. माझं "वापरू नका" थोडं सुधारतो. जमिनीवरचा, सुटा, घोडीवर ठेवलेला ओंडका कापायला हरकत नाही. झाड पाडायला आणि फांद्या छाटायला नाही. पँट मात्र चेन सॉचीच घाला. आतले लांब धागे चेनमध्ये ओढले जातात आणि चेन फिरवणारं चाक जाम करतात. आणि कानाला मफ.

डॉ_कैरी

एक भर. अशा जुन्या यंत्रांची कंपनं सरळ हातात येतात. वर्षानुवर्षं असं काम करणाऱ्यांची बोटं थंडीत पांढरी पडतात, बधिर होतात, पुढे बटण लावता येत नाही. रक्तवाहिन्या आणि नसा दोन्हींना इजा होते आणि ती पूर्ण भरून येत नाही. हौसेने महिन्यातून अर्धा तास चालवणाऱ्याला घाबरायचं कारण नाही. पण बोटांना मुंग्या आल्या की थांबायचं.

गवतफूल

अवांतर : ताई, सतरा सॉ! घरचे काही म्हणत नाहीत?

रानमेवा

घरचेच गराज सेलमधून उचलून आणतात आता :)

माझी आवडती पिवळी मॅक्युलक १०-१०. या कंपनीच्या रॉबर्ट मॅक्युलक यांची गोष्ट माहीत आहे का? लंडन ब्रिज विकायला काढला तेव्हा १९६८ मध्ये त्यांनी तो २४ लाख ६० हजार डॉलरना विकत घेतला. दगडांवर नंबर टाकून अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात नेले आणि लेक हवासू सिटी या त्यांनी वसवलेल्या गावात १९७१ मध्ये तो पूल पुन्हा उभा केला. मी जाऊन आले आहे. भर उन्हात त्या पुलाच्या कठड्यावर हात ठेवला आणि मनात आलं, यामागे चेन सॉचे पैसे आहेत.

दुसरी गोष्ट आमच्या ओरेगॉनची. १९४६ च्या सुमारास जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला चेनला सतत धार लावून वैताग आला होता. एका बुंध्यात त्याला बोटाएवढी अळी लाकूड खाताना दिसली. आडवं असो, उभं असो, कुठल्याही दिशेने सहज पुढे जात होती. त्याने बघितलं तर अळीचे जबडे इंग्रजी सी अक्षरासारखे, एकदा डावीकडून एकदा उजवीकडून कापणारे. तळघरात बसून त्याने तसेच दात बनवले, आणि १९४७ मध्ये पोर्टलंडला कंपनी काढली. आज जगात कुठलीही चेन हातात घ्या, एक दात डावा, एक उजवा.

वाशिष्ठीकाठ, तुझं झाड एका किड्याच्या अळीने मारलं आणि तू ते दुसऱ्या किड्याच्या अळीकडून शिकलेल्या दातांनी कापणार आहेस.

शेवग्याची_शेंग

वाचनखूण साठवली. सालीखालची बोरर अळीची नागमोडी नक्षी असेल तर तिचाही फोटो टाका.

उद्यमनगरी

उशिरा आलो. मी कोल्हापूरचा, लेथवर काम करतो. सीलबद्दल : पार्ट नंबर शोधत बसू नका. क्रँकचा बाहेरचा व्यास, सील बसतं त्या घराचा आतला व्यास आणि जाडी, तीन मापं व्हर्नियरने घ्या आणि बेअरिंगच्या दुकानात जा. तुमचं मशीन इंचातलं आहे, मिलिमीटरमधलं "जवळपास" सील ठोकून बसवू नका. रबर विटॉनचं घ्या. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल आहे, तुमच्याकडे १० टक्के, आमच्याकडे तर २०. उसाला भाव मिळतो याचा कोल्हापूरकर म्हणून आनंदच आहे, पण जुनं रबर त्यात मऊ पडतं आणि पेट्रोल पाणी धरून ठेवतं. काम झालं की टाकी रिकामी करायची सवय लावा.

आणि पॉलिशचा मोह झाला तर जपून. मॅग्नेशियमचा भुसा पेट घेतो आणि त्यावर पाणी मारलं तर आग आणखी भडकते. ग्राइंडर लावायचाच नाही.

पॉइंट_कंडेन्सर

उद्यमनगरींशी सहमत. माझं तर म्हणणं, रंगाला हातच लावू नका. आजोबांच्या हाताने जिथे रंग उडालाय तो तसाच राहू द्या.

ऑइलचं राहिलं. जुन्या पुस्तिकांत १६:१ असतं, ते तेव्हाच्या साध्या ऑइलसाठी. आताच्या चांगल्या टूटी (टू-स्ट्रोकच्या) ऑइलला ३२:१ पुरतं. म्हणजे लिटरला ३१ मिली. आमच्या स्कूटरला लिटरला २० घालायचो, त्या हिशोबाने घालू नका.

वाशिष्ठीकाठ

दोन आठवडे गायब होतो, माफ करा. सगळं सांगतो.

डॉक्टर, इथल्या एका मराठी नर्सताईंकडे जुना बीपीचा फुगा मिळाला. २६० पर्यंत नेलं. काटा जागचा हलला नाही! दहा मिनिटं बघत बसलो. खरं सांगतो, ताईंनी आधी बजावलं नसतं तर मी सील चांगले आहेत असं समजून परत बंद केली असती.

मग हवा काढायचा पंप आणला. काटा लावला आणि सोडला, पाच सेकंदांत शून्यावर. फ्लायव्हील काढून त्या बाजूच्या सीलच्या कडेला ऑइलचा एक थेंब सोडला. तो तसाच बसून राहिला. क्लच काढताना काळजी घेतली, उलटे आटे आहेत का ते आधी बघून घेतलं. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून दोरी भरली, पिस्टनने एक्झॉस्टचं भोक झाकल्यावरच, नाहीतर दोरी त्यात अडकून तुटते. मग क्लचच्या बाजूच्या सीलवर दुसरा थेंब सोडला. तो एक क्षण गोल चमकला आणि सळकन आत ओढला गेला. मी तो थेंब चार वेळा टाकला, प्रत्येक वेळी तेच. इतके दिवस जे नुसतं ऐकत होतो ते डोळ्यांनी दिसलं.

सील बाहेर काढलं तर कडा नखाने टकटक वाजत होती. मापं घेऊन विटॉनचे दोन्ही मागवले. बसवले, पुन्हा हवा काढली, काटा थांबला.

काल संध्याकाळी शेजारच्या आजोबांना बोलावलं. तिसऱ्या ओढीला सुरू. दोन मिनिटं, पाच मिनिटं, दहा. मंद, एकसारखी. स्क्रू फिरवला की ऐकते आता. आजोबांनी हात पुढे केला, मी दिली. त्यांनी फक्त रेस दोनदा वाढवून आवाज ऐकला आणि परत दिली. म्हणाले, ही आवाजात अशीच होती.

हिमकण, सुपारीबाग, तुमचं दोघांचं ऐकलं. पँट, मफ, चष्मा घातला. ओंडका घोडीवर, बारचं नाक लाकडापासून लांब. अ‍ॅशच्या बारा चकत्या काढल्या. उरलेली दोन उभी झाडं पाडायला माणूस बोलावलाय. आणि शेवग्याची_शेंग, सालीखालच्या नक्षीचा फोटो रविवारी टाकतो, अगदी एस अक्षरं एकात एक गुंतल्यासारखी आहे.

सुपारीबाग

वा! झेंडू मिळतो का तिकडे?

वाशिष्ठीकाठ

मिळतो. अंगणातच लावलाय.

डॉ_कैरी

माझ्या फुग्याच्या कल्पनेने इंजिन बरं झालं, आज दिवसभर सगळ्यांना सांगत सुटले आहे.

रानमेवा

फार आनंद झाला. आता एक काम विसरू नकोस. दोन टाक्या संपल्या की सायलेन्सरचे आणि कार्बोरेटरचे बोल्ट पुन्हा आवळ. गरम-थंड होऊन नवी पॅकिंग बसते आणि बोल्ट सैल पडतात. तिथून पुन्हा हवा जायला लागली तर सीलची मेहनत फुकट.

वाशिष्ठीकाठ

ताई, आत्ता जाऊन बघितलं. सायलेन्सरचा एक पाऊण आटा फिरला.